सर्व्हरशी सुरक्षित जोडणी: पुटी, किल्ल्या आणि तो पहिला ‘यस’

वाचनवेडी
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची आणि वर्गणीची नोंद एका भाड्याच्या सर्व्हरवर आहे (उबंटू, डेटासेंटर मुंबईत). ज्या मुलानं हे हौसेनं उभं केलं तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला. जाताना एका कागदावर आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता), ‘रूट’ (सगळे अधिकार असलेला यूजर) आणि पासवर्ड लिहून देऊन गेला. मी घरच्या विंडोज ११ च्या डेस्कटॉपवर पुटी (दूरच्या सर्व्हरशी जोडून देणारा प्रोग्रॅम) उघडते, कागदात बघून पासवर्ड टाकते, बॅकअप घेते आणि बाहेर पडते. मी आयटीवाली नाही, निवृत्त शिक्षिका आहे.

परवा त्यानं फोनवर सांगितलं म्हणून ‘ऑथ डॉट लॉग’ ही सर्व्हरवरची लॉगिनच्या नोंदींची फाइल उघडून पाहिली. ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट’, ‘इनव्हॅलिड यूजर अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’, ‘ओरॅकल’, ‘पोस्टग्रेस’... ओळी संपतच नाहीत. आमच्या वाचनालयात कुणाला एवढा रस? घाबरावं का? काय करावं ते जरा समजेल असं सांगा.

खटपट्या
ताई, घाबरू नका, वाचनालयात कुणालाच रस नाही. हे बॉट आहेत, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम. इंटरनेटवरचे आयपीव्ही४ चे सगळे पत्ते मिळून ४२९ कोटींच्या आसपास. चांगली लाइन आणि झीमॅपसारखं साधन असेल तर एका पोर्टसाठी (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं नंबर दिलेलं एक दार) ते सगळे चाळायला तासभरसुद्धा लागत नाही. ज्याचं २२ नंबरचं पोर्ट (एसएसएचचं, म्हणजे पुटी ज्या सुरक्षित पद्धतीनं जोडतं तिचं) उघडं दिसेल तिथं ठरलेली नावं आणि ठरलेले पासवर्ड मारत बसायचं, एवढंच त्यांचं काम. पोर्ट २२ चं २२२२ करा, लॉग शांत होईल.

टर्मिनलवाला
लॉग शांत होईल, सर्व्हर सुरक्षित होणार नाही. २२२२ बॉटांनाही पाठ आहे. खरा प्रश्न असा की पासवर्डनं आत येता येतं, तेही थेट रूट म्हणून. ते बंद केलं की त्या ओळी कितीही येवोत, झोप लागते.

वाचनवेडी ताई, किल्लीनं लॉगिन करायला शिका. विंडोजमध्ये ओपन-एसएसएचचा क्लायंट (सर्व्हरशी जोडणारा प्रोग्रॅम) २०१८ पासून आयताच येतो, वेगळं काही उतरवायची गरज नाही. स्टार्ट मेनूतून ‘टर्मिनल’ उघडा आणि ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ ही कमांड द्या (ईडी२५५१९ हा किल्लीचा प्रकार; इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन). पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) विचारेल, ती रिकामी सोडू नका. तुमच्या यूजर फोल्डरमध्ये ‘डॉट एसएसएच’ नावाच्या फोल्डरात दोन फाइली तयार होतील. ज्या नावाच्या शेवटी ‘पब’ आहे ती सार्वजनिक, ती सर्व्हरवर ठेवायची. दुसरी खासगी, ती तुमच्या मशीनवरून कुठेही जात नाही. मेलवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, त्या बंगळुरूच्या मुलाकडेसुद्धा नाही.

सार्वजनिक म्हणजे कुलूप समजा, खासगी म्हणजे त्याची किल्ली. कुलपं हव्या तितक्या दारांना लावा.

वाचनवेडी
पण मला पुटीची सवय आहे. ते सोडावं लागेल का?

टर्मिनलवाला
अजिबात नाही. पुटीबरोबर ‘पुटीजेन’ येतं, त्यात ‘ईडीडीएसए’ (ईडी२५५१९ याच प्रकारातली) निवडून किल्ली बनवा. पुटी आपली खासगी किल्ली ‘पीपीके’ या स्वतःच्या साच्यात ठेवतं, एवढाच फरक. फक्त पुटी जुनं असेल तर आधी नवं घ्या, आणि ते पुटीचे कर्ते सायमन टॅथम यांच्या मूळ पानावरूनच घ्या. ‘पुटी डॉट ऑर्ग’ हे नाव ऐकायला अधिकृत वाटतं, पण ते पुटीवाल्यांचं नाही. शिवाय सर्चमध्ये वर झळकणाऱ्या जाहिरातींतून भेसळ केलेलं पुटी वाटल्याचे प्रकार झालेले आहेत. सर्व्हरच्या चाव्या ज्याच्या हातात द्यायच्या ते सॉफ्टवेअरच खोटं निघालं तर पुढचं सगळं मुसळ केरात.

अर्धविराम
ईडी२५५१९ च का? माझी पुटीजेनमधली जुनी किल्ली ‘ईसीडीएसए ५२१’ आहे. आकडा मोठा म्हणून तीच घेतली होती.

टर्मिनलवाला
अर्धविराम, ती आजच टाकून द्या. एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या रुर विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पुटी ०.६८ ते ०.८० पर्यंतच्या आवृत्त्या नेमक्या या ५२१ बिटच्या किल्लीनं सही करताना जो यादृच्छिक आकडा वापरतात त्याचे पहिले ९ बिट कायम शून्य असायचे. अशा साठेक सह्या कुणाच्या हाती लागल्या की गणितानं खासगी किल्लीच काढता येते. ०.८१ मध्ये दुरुस्ती झाली, पण पुटी अपडेट करून भागत नाही, कारण आधी झालेल्या सह्या परत येत नाहीत. ज्या ज्या सर्व्हरवर तिची सार्वजनिक ओळ आहे तिथून ती काढा. बाकी प्रकारच्या किल्ल्यांना या चुकीचा धक्का नव्हता.

दूरदेशी
मी एस्पोत (फिनलंड) राहतो, ओटानिएमीवरून रोज जाणं-येणं असतं, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. हे एसएसएच इथलंच. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपणारा स्निफर बसवला होता. तेव्हा लोक दूरच्या मशीनवर जायला टेलनेट आणि आरलॉगिन वापरायचे, पासवर्ड तारेतून उघडाच जायचा. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकानं त्यावर उतारा म्हणून एसएसएच लिहिलं आणि जुलै १९९५ मध्ये मोफत सोडलं. वर्ष संपेपर्यंत पन्नास देशांत वीस हजार लोक ते वापरत होते. पोर्ट २२ ची गोष्टही गमतीची आहे. फाइली पाठवणारं एफटीपी २१, टेलनेट २३, आणि हे दोन्हींची जागा घेणारं म्हणून त्यानं मधला रिकामा नंबर सरळ मेल करून मागितला आणि त्याला तो मिळाला.

आता मुद्द्याचं. वर सगळे जण ‘सर्व्हरनं आपल्याला कसं ओळखायचं’ यावर बोलताय. आपण सर्व्हरला कसं ओळखायचं, हे कुणी विचारलंच नाही. पुटी पहिल्यांदा जोडताना एक खिडकी येते, त्यात सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवून ‘याच्यावर विश्वास ठेवू का’ असं विचारतात. टर्मिनलमध्ये तिथं ‘यस’ लिहायचं असतं. ताई, तुम्ही तेव्हा काय केलंत?

वाचनवेडी
‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं. त्या मुलानं तसंच सांगितलं होतं.

खटपट्या
सगळेच दाबतात हो. मी इतकी वर्षं यस म्हणत आलोय, आकाश कोसळलं नाही. मधे कोण येऊन बसणार आहे वाचनालयाच्या सर्व्हरसाठी?

दूरदेशी
वाचनालयासाठी मुद्दाम कुणी बसणार नाही, बरोबर. पण हॉटेलच्या वायफायवर, किंवा कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीच न बदललेल्या घरच्या राउटरमध्ये जो बसतो तो नाव बघून बसत नाही. २२ वर जाणारं जे सापडेल ते घेतो.

आणि ताईंच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण त्या पासवर्डनं जातात. एसएसएचमध्ये पासवर्ड गुप्त वाहिनीतून जातो हे खरं, पण वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला जो असेल त्याला तो उघडा मिळतो. टोकाला तोतया असला तर रूटचा पासवर्ड आपण स्वतःच्या हातानं त्याला दिला. तो खऱ्या सर्व्हरवर लगेच वापरेल आणि ताईंना पडद्यावर नेहमीसारखंच सगळं दिसेल.

किल्लीचं तसं नाही. किल्ली पाठवली जात नाही, तिनं सही केली जाते, आणि त्या सहीत त्या विशिष्ट जोडणीची खूण मिसळलेली असते. तोतयाची तुमच्याशी एक जोडणी, खऱ्या सर्व्हरशी दुसरी. दोन्हींच्या खुणा वेगळ्या, त्यामुळे तुमची सही त्याला पुढे चालवता येत नाही. म्हणून किल्ली ही नुसती ‘मोठा पासवर्ड’ नाही, जात वेगळी आहे.

टर्मिनलवाला
+१. फक्त एक भर घालतो. किल्ली असली तरी ठसा बघणं सुटत नाही. तोतयाला खऱ्या सर्व्हरवर जाता आलं नाही तरी तो स्वतःच सर्व्हर असल्याचं नाटक करू शकतो. मग आपण चढवलेल्या फाइली, सुडोसाठी (रूटचे अधिकार तात्पुरते घेणारी कमांड) टाकलेला पासवर्ड, सगळं त्याच्याकडे. आणि एजंट फॉरवर्डिंग (ते ‘-ए’, आपली किल्ली पलीकडच्या सर्व्हरवरूनही वापरू देणारी सोय) चालू ठेवलं असेल तर त्याला आपल्या किल्लीनं सह्याही करून घेता येतात. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जायचं असेल तर ‘-जे’ वापरा, त्यात मधल्या सर्व्हरच्या हाती काही लागत नाही.

वाचनवेडी
अ‍ॅक्सेप्ट तर दाबून झालंय. आता काय?

टर्मिनलवाला
आताही पडताळता येतं. ज्यांच्याकडून सर्व्हर भाड्यानं घेतलाय त्यांच्या वेबसाइटवर लॉगिन करून ‘कन्सोल’ उघडा. ती एसएसएचची वाट नाही, थेट मशीनचा पडदा ब्राउझरमध्ये दिसतो. तिथं ‘एसएसएच-कीजेन -एलएफ’ आणि पुढे सर्व्हरच्या ‘ईटीसी’मधल्या ‘एसएसएच’ फोल्डरातल्या ईडी२५५१९ होस्ट-कीच्या (सर्व्हरच्या स्वतःच्या किल्लीच्या) ‘पब’ फाइलचं नाव द्या. ‘शा२५६’ नं सुरू होणारी अक्षरांची माळ मिळेल. मग पुटीच्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर राइट-क्लिक करून ‘इव्हेंट लॉग’ बघा, तिथंही तशीच माळ असेल. दोन्ही अक्षरन् अक्षर जुळल्या पाहिजेत. पहिली चार अक्षरं बघून ‘जुळलं’ म्हणायचं नाही.

अनुनासिक
आमच्याकडे एकदा मोठ्या अक्षरांत ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असं आलं होतं. ऑफिसात एकानं सांगितलं, ‘कीजेन -आर’ मार आणि पुढे जा. हे बरोबर का?

दूरदेशी
कमांड बरोबर, क्रम चुकीचा. आधी कारण शोधायचं. सर्व्हरवर नव्यानं ओएस टाकलं असेल, तोच आयपी दुसऱ्या मशीनला दिला असेल, तर हा इशारा येणारच. कारण समजलं, नवा ठसा दुसऱ्या वाटेनं पडताळला, की जुनी नोंद पुसा. कारण कुणालाच माहीत नसेल तर तिथंच थांबा. मार्च २०२३ मध्ये गिटहब या प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या साइटची आरएसए प्रकारची होस्ट-की एका सार्वजनिक रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) थोडा वेळ उघडी पडली, त्यांनी ती ताबडतोब बदलली, आणि जगभर असंख्य लोकांना एकाच दिवशी हा इशारा दिसला. त्यांनी नवा ठसा आपल्या साइटवर छापला होता. ताडून बघणारे किती आणि नुसतं ‘-आर’ मारणारे किती, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

वाचनवेडी
ठसा जुळला! दोनदा बघितला. पुटीजेनमध्ये किल्ली बनवली, ‘सेव्ह पब्लिक की’ दाबून फाइल ठेवली, ती सर्व्हरवर ‘ऑथोराइज्ड_कीज’ (आत येऊ द्यायच्या किल्ल्यांची फाइल) मध्ये चिकटवली. पण पुटी म्हणतं ‘सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की’ आणि पुन्हा पासवर्ड विचारतं.

खटपट्या
हे मात्र मला येतं. ताई, ते ‘सेव्ह पब्लिक की’ बटण फसवं आहे. त्यातून जी फाइल निघते तिच्यात ‘बिगिन एसएसएच२ पब्लिक की’ वगैरे चार-पाच ओळी असतात, तो साचा ओपन-एसएसएचला चालत नाही. पुटीजेनच्या खिडकीत वरच्या चौकोनात जो मजकूर दिसतो तो पूर्ण निवडून कॉपी करायचा. तो एकच लांब ओळ असतो, ‘एसएसएच-ईडी२५५१९’ नं सुरू होतो. चिकटवताना मधे कुठे तुटू द्यायचा नाही.

तरी नाही झालं तर परवानग्या बघा. ‘डॉट एसएसएच’ फोल्डरला ७००, आतल्या फाइलला ६००, दोन्हींची मालकी त्याच यूजरची. होम फोल्डर दुसऱ्यांना लिहायला मोकळं असेल तरीही एसएसएच रुसतं, आणि कारण पुटीला सांगत नाही. ते फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं.

वाचनवेडी
झालं! एक ओळ होती, मी पाच चिकटवल्या होत्या. आता पासवर्ड बंद करू?

टर्मिनलवाला
करा, पण हातातली पुटीची खिडकी बंद करू नका. बदल झाल्यावर दुसरी खिडकी उघडून आत जाता येतंय का ते बघा, मगच पहिली मिटा. चालू असलेली जोडणी सेवा पुन्हा सुरू केल्यानं तुटत नाही, तोच परतीचा दोर.

आधी रूटऐवजी स्वतःच्या नावाचा एक यूजर बनवा, त्याला सुडो द्या, त्याच्यासाठीही हीच ओळ ठेवा. मग ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ या सर्व्हरच्या एसएसएच सेटिंगच्या फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ आणि ‘परमिटरूटलॉगिन नो’.

इथं उबंटूचा एक खोडसाळपणा आहे, त्यात भले भले अडकतात. मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरातल्या फाइली ओढल्या जातात, आणि एसएसएचमध्ये जी किंमत आधी वाचली ती अंतिम. क्लाउडवरच्या सर्व्हरवर त्या फोल्डरात ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल असू शकते आणि तिच्यात ‘पासवर्डऑथेंटिकेशन यस’ लिहिलेलं असू शकतं. तुम्ही मुख्य फाइलमध्ये ‘नो’ लिहून निवांत, आणि पासवर्ड चालूच. म्हणून फाइल वाचून खात्री धरू नका. आधी ‘एसएसएचडी -टी’ (लहान टी) नं व्याकरण तपासा, मग ‘एसएसएचडी -टी’ (मोठा टी, कॅपिटल) दिल्यावर प्रत्यक्ष लागू होणारे नियम छापले जातात, त्यात पासवर्डची ओळ शोधा. देवनागरीत दोन्ही टी सारखेच दिसतात, सांभाळून.

खटपट्या
आणि पोर्ट? मी तरीही बदला म्हणेन. सुरक्षेसाठी नाही, लॉग वाचता यावा म्हणून. दिवसभरात दहाच ओळी असल्या तर त्यातली वेगळी ओळ डोळ्याला टोचते.

टर्मिनलवाला
त्या कारणासाठी मान्य. पण उबंटू २२.१० पासून पोर्टवर एसएसएच सेवा नाही, ‘एसएसएच डॉट सॉकेट’ हा वेगळा भाग ऐकतो. फाइलमध्ये नंबर बदलून नुसती ‘एसएसएच’ सेवा रीस्टार्ट केली तर काही होत नाही. २४.०४ वर ‘डेमन-रीलोड’ करून सॉकेट रीस्टार्ट करावा लागतो. आणि फायरवॉलमध्ये नवं पोर्ट आधी उघडायचं, नंतर बाकीचं.

माणदेशी_माणूस
सुरक्षा वगैरे ठीक, पण आमचं दुखणं वेगळंच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतो. चहा घेऊन आलो की पुटी म्हणतं ‘नेटवर्क एरर: सॉफ्टवेअर कॉज्ड कनेक्शन अबॉर्ट’. आणि लाइट गेली की चालू असलेला बॅकअप अर्धवट.

अनुनासिक
मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीमागे पुष्कळ ग्राहक बसवतात, आणि थोडा वेळ हालचाल दिसली नाही की ती नोंद पुसून टाकतात. पुटीच्या ‘कनेक्शन’ पानावर ‘कीपअलाइव्ह’ला ० असतं, तिथं ६० टाका. टर्मिनल वापरत असाल तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०’.

लाइटीला उतारा टीमक्स. सर्व्हरवर आधी ‘टीमक्स’ लिहून मग बॅकअप सुरू करायचा. डेस्कटॉप बंद पडला तरी तिकडे काम चालूच राहतं, परत आल्यावर ‘टीमक्स अटॅच’. याच कारणानं ‘फक्त माझ्या आयपीवरून येऊ द्या’ हा सल्ला आपल्याकडे फारसा चालत नाही. सकाळचा आयपी संध्याकाळी आपला नसतो.

जमाखर्च
धागा एसएसएचचा आहे, पण विचारतोच. कोल्हापुरात सीएचं ऑफिस आहे. टॅली विंडोज सर्व्हरवर, मुलं घरून रिमोट डेस्कटॉपनं जोडतात. राउटरवर त्याचं ३३८९ पोर्ट उघडं करून दिलंय. हेही तसंच धोक्याचं का?

दूरदेशी
तसंच नाही, जास्त. २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाचं भोक निघालं होतं, त्यात जुन्या विंडोजवर पासवर्डशिवायच आत शिरता यायचं. ३३८९ इंटरनेटला दाखवूच नका. विंडोज सर्व्हर २०१९ पासून ओपन-एसएसएचचा सर्व्हर पर्यायी भाग म्हणून मिळतो. तो चालू करून किल्लीवर ठेवा, बाहेर तेवढंच एक पोर्ट. मुलांच्या मशीनवरून ‘एसएसएच -एल १३३८९:लोकलहोस्ट:३३८९’ असा बोगदा काढायचा आणि रिमोट डेस्कटॉपला ‘लोकलहोस्ट:१३३८९’ हा पत्ता द्यायचा. पुटीतही ‘टनेल्स’ नावाचं पान आहे. माणसं जास्त असतील तर वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे कायमचा सुरक्षित बोगदा) बसवा, रोज कमांड देण्याची कटकट राहणार नाही.

अर्धविराम
वाचनवेडी ताई, सूची चढवायला एफटीपी वापरत असाल तर तेही बंद करा. साधं एफटीपी पासवर्ड उघडा पाठवतं. फाइलझिला किंवा विनएससीपीमध्ये ‘एसएफटीपी’ (एसएसएचमधून फाइली पाठवायची पद्धत) निवडा, तुमची तीच पीपीके किल्ली तिथं चालते.

वाचनवेडी
केलं. पासवर्ड बंद झाला, मोठ्या टीनं तपासलंही (क्लाउड-इनिटची ती फाइल खरंच होती!). ओळी अजून येतात, पण आता त्यांचं काही वाटत नाही. एक नाजूक प्रश्न राहिला. तो मुलगा चांगला आहे, माझाच विद्यार्थी. पण त्याला अजून आत येता येतं का, हे कसं कळेल? संशय म्हणून नाही, कार्यकारिणीत विचारलं तर उत्तर हवं.

टर्मिनलवाला
प्रश्न नाजूक नाही, रास्त आहे. आणि त्यालाही हे सोयीचंच, उद्या काही झालं तर बोट त्याच्याकडे नको. प्रत्येक यूजरच्या आणि रूटच्याही ‘ऑथोराइज्ड_कीज’ बघा. प्रत्येक ओळीच्या शेवटी नाव लिहायची जागा असते, ‘वाचनवेडी-घर’ असं लिहून ठेवा. ओळखू न येणारी ओळ त्याला फोन करून विचारा आणि काढा. रूटचा पासवर्ड बदला, तो कन्सोलवर अजून चालतो.

पण खरी मेख वेगळीच. भाड्याच्या कंपनीच्या वेबसाइटवरचं खातं कुणाच्या मेलवर आहे? त्या खात्यातून कन्सोल उघडतो, रूटचा पासवर्ड नव्यानं देता येतो, सर्व्हर पुसताही येतो. ते ज्याच्या हातात, त्याला किल्लीबिल्लीची गरज नाही.

वाचनवेडी
त्याच्याच मेलवर. ठसा बघायला कन्सोल उघडला तेव्हा त्यानंच फोनवर ओटीपी सांगितला. भाडंही त्याच्या कार्डावरून जातं, आम्ही त्याला वर्षातून एकदा पैसे देतो.

जमाखर्च
मग पहिलं काम तेच. वाचनालयाच्या नावाचा मेल काढा, खातं त्यावर वळवा, बिल संस्थेच्या नावानं घ्या, ऑडिटलाही तेच लागतं. आणि दुसऱ्या टप्प्याचा कोड एकाच माणसाच्या फोनवर ठेवू नका. रिकव्हरी कोड छापून कार्यवाहांच्या कपाटात, बंद पाकिटात.

वाचनवेडी
रविवारी बैठक आहे, विषय घेते. तो मुलगाही गणपतीला येणार आहे, तेव्हा समोर बसूनच खातं वळवून घेऊ.